जपानी प्रतिकृती गिटार
जपानी प्रतिकृती गिटार : गिब्सन, फेंडर आदी अमेरिकन कंपन्यांच्या इलेक्ट्रिक गिटारींच्या नमुन्यावर जपानमध्ये साधारणतः १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून बनलेली वाद्ये. संग्राहक त्यांना सरसकट ‘लॉसूट (म्हणजे दाव्यातील) गिटार’ म्हणतात.

हुबेहूब नकलेचा आरंभ कोठे झाला, याविषयी एकमत नाही. डॅन आर्मस्ट्राँग यांनी अँपेग या अमेरिकन कंपनीसाठी घडवलेल्या पारदर्शक गिटारीची आरिया या जपानी कंपनीने केलेली नक्कल हा आरंभ, असे एक मत आहे. मात्र गिब्सनच्या ‘लेस पॉल’पासून आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मूळ घडणीची ही गिटार १९६० नंतर बंद झाली होती. ब्रिटिश ब्लूज वादकांमुळे मागणी वाढल्यावर १९६८ मध्ये ती पुन्हा आली. या मागणीचा लाभ जपानी कारखान्यांनी घेतला. मात्सुमोतो येथील फुजिगेन व मात्सुमोकू ही प्रमुख निर्मितिकेंद्रे होती. आयबानेझ हे नाव नागोयाच्या होशिनो गाक्की कंपनीचे, तर ग्रेको हे कांदा शोकाईचे. दोघांसाठीही फुजिगेन गिटारी बनवी.

आरंभीच्या अनेक लेस पॉल प्रतिकृतींच्या पाठीमागे मान जोडणारी धातूची पट्टी व चार स्क्रू दिसतात. मूळ गिटारीत मान सरसाने जोडलेली असते. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ही तफावत बरीच मिटली आणि काही जपानी वाद्ये समकालीन अमेरिकन वाद्यांच्या तोडीची झाली.

२८ जून १९७७ रोजी गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबानेझची अमेरिकेतील वितरक एल्गर कंपनी हिच्याविरुद्ध फिलाडेल्फियाच्या फेडरल न्यायालयात दावा दाखल केला. दावा सर्व जपानी उत्पादकांवर होता, हा समज चुकीचा आहे. वादाचा केंद्रबिंदू हेडस्टॉकचा, म्हणजे खुंट्या बसवलेल्या शीर्षभागाचा, उघड्या पुस्तकासारखा माथा हा होता. पेटंटची मुदत संपते. व्यापारचिन्ह मात्र वापरात असेपर्यंत टिकू शकते, म्हणून या आकाराला कायद्याच्या दृष्टीने मोल होते. आयबानेझने १९७६ च्या सुमारासच हेडस्टॉक बदलायला घेतला होता. १९७८ च्या आरंभी प्रकरण तडजोडीने मिटले, त्यामुळे निकालपत्र असे झालेच नाही. टोकाई, बर्नी किंवा ग्रेको या इतर जपानी नावांच्या गिटारींना ‘लॉसूट’ म्हणणे म्हणूनच अनैतिहासिक ठरते. विक्रीच्या जाहिरातींतील हा सैलपणा त्या वाद्यांच्या स्वतंत्र इतिहासावर अन्याय करतो.

फेंडरने पुढे वेगळा मार्ग धरला. १९८२ मध्ये कांदा शोकाई व यामानो गाक्की यांच्यासह फेंडर जपान स्थापन झाली आणि निर्मिती फुजिगेनकडे गेली. गिब्सनच्या परवान्याने निघालेली ऑर्व्हिल ही मालिका १९८८ ची.

आकारावरील हक्काचा प्रश्न न्यायालयांत नंतरही येत राहिला. फर्नांडिस या जपानी कंपनीविरुद्धच्या खटल्यात टोकियो उच्च न्यायालयाने २००० मध्ये गिब्सनची मागणी फेटाळली. दीर्घकाळ बाजारात असलेल्या प्रतिकृतींना वेळीच अटकाव न झाल्याने लेस पॉलचा आकार केवळ गिब्सनची ओळख उरला नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. अमेरिकेत २००९ मध्ये व्यापारचिन्ह मंडळाने स्ट्रॅटोकास्टर, टेलिकास्टर व प्रिसिजन बेस यांच्या देहाकारांवर फेंडरला नोंदणी नाकारली.

आयबानेझच्या कालनिश्चितीस १९७५ च्या मध्यापासूनचे अनुक्रमांक उपयोगी पडतात : पहिले रोमन अक्षर महिन्याचे, पुढील दोन अंक वर्षाचे. ‘एफ ७७’ म्हणजे जून १९७७, दावा दाखल झाला तोच महिना. त्याआधीच्या वाद्यांसाठी हेडस्टॉकचा आकार, बोधचिन्ह व मानेचा जोड यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.