वाचवताना गेलेला जीव कुणाच्या खात्यावर?

१९७३ साली स्पायडरमॅनच्या कॉमिकमध्ये एक प्रसंग आला. खलनायक स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, उंच पुलावरून खाली ढकलतो. स्पायडरमॅन जाळं फेकतो, ते तिच्या पायांना नेमकं चिकटतं आणि ती अधांतरी थांबते. वाचवलं, असं त्याला वाटतं. वर ओढून घेतो, तर ती गेलेली. चित्रात तिच्या मानेजवळ हाड मोडल्याचा आवाज बारीक अक्षरांत लिहिलेला आहे.

गणित करून पाहू. हवेचा अडथळा सोडून दिला, तर ९० मीटर खाली आलेल्या शरीराचा वेग सेकंदाला सुमारे ४२ मीटर, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर होतो. जीव घेतं ते अचानक थांबणं. हा वेग अर्ध्या सेकंदात शून्यावर आणायचा, तर शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या साडेआठपट मंदन सोसावं लागतं आणि थांबायला साडेदहा मीटर अंतर लागतं. पोलादी हातांनी अर्ध्या मीटरमध्येच झेललं, तर तोच आकडा १८० पटींवर जातो. अशा हातांत पडणं आणि जमिनीवर पडणं यांत फारसा फरक उरत नाही. उडणाऱ्या नायकाला कुणाला खरोखर वाचवायचं असेल, तर त्याने आधी पडणाऱ्याच्या बरोबरीने खाली जायला हवं आणि मग बेताबेताने वेग कमी करत आणायला हवा.

तर, हेतू चांगला, नेम अचूक, आणि तरीही मृत्यू. पण त्या पुलावर स्पायडरमॅन एकटा होता. जाळं कुणी फेकलं, हे त्याला शोधावं लागलं नाही. तिथे अशाच सहा नायकांची टीम होती असं धरा. एकाने खलनायकाला पुलाकडे रेटलं, दुसऱ्याने वारा उठवला, तिसऱ्याने जाळं फेकलं, बाकीचे पाहत होते. आता तो मृत्यू कुणाचा?

जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये केलेला एक प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून इंटरकॉमवरून बोलत होते. मध्येच एका आवाजाला झटका आल्याचं ऐकू आलं. तो आवाज आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता, पण ऐकणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. आपण एकटेच ऐकतो आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण तो झटका संपायच्या आत मदतीला निघाले. आणखी चौघे ऐकत आहेत असं वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. जे उठले नाहीत ते निर्दय होते, असं मुळीच नाही. त्यांतल्या अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. जबाबदारी वाटली गेली होती, एवढंच.

हे झालं काहीच न करण्याबद्दल. टीमच्या बाबतीत मला त्याहून बोचरा वाटतो तो लंडनमधल्या मेंदूवैज्ञानिकांचा २०१७ चा प्रयोग. पडद्यावर एक गोटी उतरणीवरून घरंगळत येते आणि ती फुटण्याआधी बटण दाबून थांबवायची असते. जितकं उशिरा थांबवाल तितके कमी गुण जातात, पण फार उशीर केलात तर गोटी फुटते. कधी खेळाडू एकटा, कधी जोडीला दुसरा, आणि त्या दुसऱ्यालाही गोटी थांबवता येते. जोडीदार असताना स्वतः बटण दाबूनही खेळाडूंना निकाल आपल्या हातात कमी असल्यासारखा वाटला. निकाल कळल्यावर मेंदूत जी विद्युत्-लहर उमटते, तीही क्षीण होती. म्हणजे सोबत कुणी असलं की आपल्याच कृतीच्या परिणामाकडे मेंदूचं लक्ष कमी जातं.

‘मी एकट्याने नाही केलं’ असं टीममधला एखादा म्हणतो, तेव्हा तो बहुधा खोटं बोलत नसतो. त्याला आतून खरंच तसं वाटत असतं. म्हणून प्रत्येकाच्या प्रामाणिकपणावर सगळं सोडून देणं मला धोक्याचं वाटतं.

ज्यांच्या हातून खरोखर जीव वाचतात किंवा जातात, त्या शल्यचिकित्सकांमध्ये यावर एक जुनी रीत आहे. रुग्ण दगावला किंवा गुंतागुंत झाली की विभागातले सगळे एकत्र बसतात आणि घटनाक्रम पुन्हा उलगडतात: कोणता निर्णय कधी झाला, तेव्हा काय माहीत होतं, दुसरं काय करता आलं असतं. दोषी शोधून मोकळं व्हायचं, असा त्या बैठकीचा उद्देश नसतो. पण कुणी काय केलं, हे धूसरही राहू द्यायचं नसतं.

तरी बैठक संपल्यावर काहीतरी उरतंच. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये एका ट्रकचालकाचं उदाहरण दिलं. त्याची काहीही चूक नसताना त्याच्या ट्रकखाली एक मूल येतं. आपण त्याला सांगतो, तुझा दोष नाही, आणि ते खरंच असतं. पण तो लगेच ‘हो, बरोबर आहे’ म्हणून निघून गेला, तर आपल्यालाच खटकेल. रस्त्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांना वाईट वाटतं. त्या चालकाला वाटतं ते वेगळं असतं, कारण ट्रक तो चालवत होता.

त्या सहा जणांपैकी जाळं फेकणाऱ्यालाही तसंच वाटेल, बाकीच्या पाचांनी कितीही समजावलं तरी.