पोहण्याच्या पाण्यातील जिवाणूंची मोजणी (बेळगाव सीमाभाग)

लोक ज्या ओढ्या-नदीत पोहतात, डुंबतात किंवा पर्वणीला स्नान करतात, तिच्या पाण्यात विष्ठेतून आलेले जिवाणू किती आहेत हे ठरावीक जागी पुन्हापुन्हा नमुने घेऊन मोजण्याची पद्धत. पाणी पिण्याजोगे आहे का, हा इथला प्रश्न नव्हे. पोहताना नकळत घोटभर पाणी पोटात जाते, कानाडोळ्यांत आणि जखमेत शिरते; तेवढ्याने माणूस आजारी पडेल का, हे पाहायचे असते.

सीमाभागात पोहण्याचे तलाव थोडे आणि नदीकाठ भरपूर. खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा, तिच्या काठची असोगा आणि हब्बनहट्टी ही देवस्थाने, बेळगावलगतची मार्कंडेय, संकेश्वरची हिरण्यकेशी, निपाणीकडची वेदगंगा-दूधगंगा. शाळेला सुट्टी लागली की पाठीला रिकामा कॅन बांधलेली पोरे डोहात उतरतात. त्याच डोहाच्या खालच्या अंगाला म्हशी बसलेल्या असतात, वरच्या अंगाला धुणे चाललेले असते.

पाण्यातून होणाऱ्या रोगांचे जंतू अनेक आणि प्रत्येकाची तपासणी वेगळी, महागडी. म्हणून माणसाच्या व गुराढोरांच्या आतड्यात हमखास असणारे जिवाणू ‘खुणेचे’ म्हणून मोजतात. त्यांतला मुख्य ई. कोलाय; थिओडोर एशेरिक या वैद्याने १८८५ मध्ये त्याचे वर्णन केले. तो सापडला म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली आहे. ती माणसाची की म्हशीची, हे मात्र नुसत्या मोजणीतून कळत नाही.

भारतात स्नानाच्या पाण्यासाठी दर १०० मिलिलिटरला विष्ठाजन्य कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात मोडतो तो जिवाणूंचा गट) ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २५०० ही कमाल मर्यादा मानली आहे. त्याच पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन खातात तो) ३ मिलिग्रॅमपर्यंत असावा लागतो. अमेरिकेत २०१२ पासूनच्या शिफारशीत ई. कोलायची भूमितीय सरासरी (आकडे बेरजेऐवजी गुणून, त्याचे मूळ घेऊन काढलेली) १२६ च्या आत लागते. दोन्हीकडे मोजण्याची वस्तूच थोडी वेगळी असल्याने हे आकडे समोरासमोर ठेवून ‘आपले निकष ढिले’ असा निकाल लगेच देऊ नये.

नमुना घेणे दिसते सोपे, पण अर्ध्या चुका इथेच होतात. गुडघाभर पाण्यात उतरायचे, गाळ ढवळला असेल तर तो वाहून जाईपर्यंत थांबायचे, तोंड प्रवाहाकडे करायचे. निर्जंतुक बाटलीचे झाकण आतून बोटाला लागू न देता उघडायचे, बाटली वीतभर खोल बुडवून भरायची आणि वर थोडी हवा ठेवायची. मग बर्फाच्या पेटीत घालून सहा-आठ तासांत प्रयोगशाळेत पोचवायची; उन्हात दुचाकीच्या डिकीतून नेलेल्या बाटलीचा आकडा नदीचा राहत नाही. रात्री पाऊस होता का, जनावरे उतरली होती का, किती माणसे पाण्यात होती, हे वहीत टिपलेले नसेल तर आकडा मुका राहतो.

प्रयोगशाळेत बहुधा एमपीएन (सर्वाधिक संभाव्य संख्या) पद्धत वापरतात. मॅकॉन्की ब्रॉथ (जिवाणू वाढवायचा पोषक द्रव) भरलेल्या पाच-पाच नळ्यांच्या तीन ओळींत १०, १ आणि ०.१ मिलिलिटर पाणी घालतात. प्रत्येक नळीत एक चिमुकली नळी उपडी ठेवलेली असते. जिवाणूंनी दुग्धशर्करा आंबवली की जांभळा द्रव पिवळा पडतो आणि उपड्या नळीच्या टोकाशी वायूचा बुडबुडा अडकतो. ३७ अंशांवर ४८ तासांपर्यंत वाट पाहून बुडबुड्याच्या नळ्या पुढे ४४ ते ४४.५ अंशांच्या चाचणीत नेतात. तिथेही वायू धरला तर जिवाणू विष्ठाजन्य. ओळींत अनुक्रमे ५, ३ आणि १ नळ्या लागल्या, म्हणजे त्यांत वायू धरला, तर तक्ता दर १०० मिलिलिटरला ११० म्हणतो. हा अंदाज असतो. खरी संख्या याच्या निम्म्याहून कमी किंवा दुपटीहून जास्तही असू शकते. सगळ्याच नळ्या लागल्या तर ‘१६०० हून जास्त’ एवढेच लिहिता येते, पाणी आधी पातळ करून घेतले असेल तरच पुढचे कळते.

आकडे उड्या मारतात, म्हणून साधी सरासरी फसवते. समजा पाच वेळा ५०, ८०, १००, १२० आणि ४००० आले. साधी सरासरी ८७०, भूमितीय सुमारे १८०. नदी एरवी कशी असते ते दुसरी सांगते. पण चार हजारांच्या दिवशी पाण्यात कोण होते, हे तीही सांगत नाही.

आणि तो दिवस इथे बहुतेक वळवाचा असतो. एप्रिल-मेमध्ये धार आटते, डोह उरतात. उथळ, नितळ पाण्यात कडक ऊन बरेच जिवाणू मारते. गाळातले मात्र तग धरतात. मग एका संध्याकाळी वळीव कोसळतो आणि काठावरचे शेण, उकिरडे, गटारे एकदम पात्रात येतात. दुसऱ्या सकाळी सुट्टीची पोरे तिथेच. निकाल हाती येईपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले, पोहून झालेले. महिन्याच्या ठरल्या तारखेला घेतलेला नमुना ही सकाळ सहज चुकवतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवर पावसानंतर ७२ तास पाण्यात न उतरण्याचा सल्ला देतात. खानापूरच्या आषाढात हा हिशेब लागू नाही, पण वळवाला चपखल लागू पडतो. घाटावर फलक लावायचाच तर तो याच दिवसांत, कन्नड आणि मराठी दोन्हींत लावावा.

सीमेची अडचण वेगळीच. हिरण्यकेशी आंबोलीहून आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला येते. पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते आणि ते पाणी पुढे बेळगाव जिल्ह्यात उतरते. वरचा नमुना एका राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, खालचा दुसऱ्याच्या. दोन्ही एकाच आठवड्यातले असल्याखेरीज घाण कुठे मिसळली ते शोधता येत नाही. केंद्रीय मंडळाची २०१८ ची ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी बीओडीवर बेतलेली आहे; यादीत नाव नसलेला पट्टा पोहायला चांगला, असा तिचा अर्थ होत नाही.

लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मूत्रातून पाण्यात येतात. कोलिफॉर्मच्या मोजणीत ते दिसत नाहीत. पायाला जखम असलेल्याने कमी आकड्याच्या पाण्यातही उतरू नये.