मानवी अवयवांचा अवैध व्यापार

पैसे देऊन, फसवून किंवा धमकावून माणसाच्या शरीरातील अवयव अथवा ऊती मिळवणे, त्या विकणे आणि हा व्यवहार जुळवून दलाली खाणे, या सगळ्याला मिळून अवयवांचा अवैध व्यापार म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो करारनाम्याने अवयव काढण्यासाठी केलेली माणसांची ने-आण मानवी तस्करीतच धरली आहे. या बाजारात सर्वाधिक मागणी किडनीला असते, कारण ती जिवंत माणसाकडून घेता येते आणि देणारा उरलेल्या एका किडनीवर जगू शकतो. त्याखालोखाल यकृताचा तुकडा. जागतिक किडनी प्रत्यारोपणांपैकी ५ ते १० टक्के अशा व्यवहारांतून होत असावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ मधील अंदाज होता.

सोलापूर जिल्ह्याला या विषयाची झळ आधी अफवेतून बसली. ‘मुले पळवणारी टोळी फिरते आहे, किडन्या काढून विकतात’ अशा मजकुराचे मेसेज २०१८ मध्ये गावोगाव फिरत होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागायला गेलेल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने मारून टाकले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले होते. मुळात किडनी चोरून पिशवीत घालून नेण्याची वस्तूच नाही. रक्तगट जुळावा लागतो, ऊतींची जुळणी तपासावी लागते, क्रॉसमॅच, म्हणजे घेणाऱ्याचे रक्त दात्याच्या पेशींवर हल्ला करते का याची चाचणी, करावी लागते. सुसज्ज शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सकांचे पथक हवे आणि काढलेली किडनी साधारण २४ ते ३६ तासांत दुसऱ्या शरीरात बसवावी लागते. ही माहिती गावापर्यंत पोहोचली असती तर ती पाच माणसे कदाचित आपापल्या घरी परतली असती.

प्रत्यक्षात हा व्यापार कागदावर चालतो. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने आई-वडील, भावंडे, मुले आणि पती-पत्नी यांना ‘जवळचे नातेवाईक’ मानले. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे त्यात आली. याबाहेरच्या दात्याला प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीसमोर ‘स्नेह किंवा आपुलकी’ सिद्ध करावी लागते आणि त्या मुलाखतीचे चित्रीकरण होते. एजंटाचे काम इथे सुरू होते. तो आधार कार्ड, रेशन कार्ड, विवाह नोंदणी दाखला असे सगळे नव्याने ‘तयार’ करतो. लग्न कुठे झाले, सासूचे नाव काय, नळाला पाणी किती दिवसांनी येते अशा घरगुती प्रश्नांची उत्तरे दात्याकडून घोकून घेतली जातात. २०२२ मध्ये पुण्यात उघड झालेल्या प्रकरणात कोल्हापूरची एक महिला रुग्णाची पत्नी म्हणून उभी केली गेली होती. तिला १५ लाखांचे आमिष दाखवले होते आणि ठरलेली रक्कम मिळाली नाही म्हणूनच तिने तोंड उघडले.

जगभर विकणाऱ्याचा पत्ता बदलतो, परिस्थिती तीच राहते. चेन्नईतील विल्लिवाक्कम, नेपाळच्या काभ्रे जिल्ह्यातील होक्से, बांगलादेशातील कालाई ही नावे किडनी विकणाऱ्यांची वस्ती म्हणूनच ओळखली गेली. दक्षिण आफ्रिकेतील डरबन येथे २००१ ते २००३ दरम्यान इस्रायली रुग्णांसाठी आधी इस्रायली दाते आणले गेले. त्यांना सुमारे २० हजार डॉलर द्यावे लागत. पुढे ब्राझील आणि रुमानियातले गरीब सुमारे ६ हजारांत मिळू लागले. कोसोव्होतील प्रिश्टिना येथील दवाखान्यातल्या अवैध किडनी प्रत्यारोपणांचे प्रकरण २००८ मध्ये बाहेर आले आणि २०१३ मध्ये डॉक्टरांना शिक्षा झाली. पाकिस्तानने २००७ मध्ये अवयवविक्रीवर, तर फिलिपिन्सने २००८ मध्ये परदेशी रुग्णांच्या प्रत्यारोपणावर बंदी घातली. त्याच वर्षी अवयवांच्या व्यापाराला विरोध करणारा प्रत्यारोपणतज्ज्ञांचा इस्तंबूल जाहीरनामा आला. चीनमध्ये देहदंड दिलेल्या कैद्यांचे अवयव वापरले जात होते; २०१५ पासून ते बंद केल्याचे तिथले सरकार सांगते. इराण हा अपवाद आहे. तिथे १९८८ पासून सरकारी देखरेखीखाली मोबदला घेऊन किडनी देता येते.

डिसेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने सावकाराचे कर्ज फेडण्यासाठी कंबोडियात जाऊन किडनी विकल्याचे प्रकरण पुढे आले आणि पोलिसांचा तपास सोलापूरपर्यंत पोहोचला. सोलापूर हे यंत्रमाग आणि विडी कामगारांचे शहर. आठवड्याच्या पगारावर घर चालते. आजारपण किंवा लेकीचे लग्न निघाले की व्याजाने पैसे काढावे लागतात. किडनी विकून हा फेरा सुटतो का, याचे उत्तर चेन्नईतील ३०५ विक्रेत्यांच्या पाहणीत आहे. ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ९६ टक्क्यांनी कर्ज फेडायला किडनी विकली होती. सरासरी हाती आले १,०७० डॉलर. त्यानंतर कुटुंबाचे उत्पन्न एक तृतीयांशाने घटले, सुमारे तीन चतुर्थांश लोक पाहणीच्या वेळीही कर्जातच होते आणि ८६ टक्क्यांनी प्रकृती खालावल्याचे सांगितले. जुन्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत बरगडीखाली कुशीपासून पोटाकडे वीतभर छेद जातो. मागावर उभे राहून पाळी काढणाऱ्या, सुताचा बीम उचलणाऱ्या माणसाला त्या कुशीची ताकद लागते.

ऊतींचा व्यापार कमी बोलला जातो. हाडे, त्वचा, कंडरा यांना अवयवांसारखी जुळणी सहसा लागत नाही आणि त्या दीर्घकाळ साठवता येतात, म्हणून मृतदेहच लुटले जातात. अमेरिकेतील न्यू जर्सीत २००५-०६ मध्ये अंत्यसंस्कारगृहांतून असा साठा उचलल्याचे उघड झाले होते. कोलकात्यातून होणारी मानवी सांगाड्यांची निर्यात भारताने १९८५ मध्ये बंद केली.

तुटवडा हे या बाजाराचे मूळ आहे. २०२३ मध्ये भारतात १८,३७८ प्रत्यारोपणे झाली, पण मरणोत्तर दाते केवळ १,०९९ होते. सोलापूर पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या कक्षेत येते. इथल्या मेंदूमृत दात्यांचे अवयव ग्रीन कॉरिडॉर करून, म्हणजे रुग्णवाहिकेसाठी रस्ता मोकळा ठेवून, पुण्याला गेले आहेत.

भारतातील कायद्यानुसार अवयवांच्या व्यापारी व्यवहाराला ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंड आहे. मात्र पैसे घेऊन अवयव देणाराही याच कलमाखाली गुन्हेगार ठरतो. न्यायालय या कायद्याखालील गुन्ह्याची दखल घेते ती समुचित प्राधिकाऱ्याने, म्हणजे या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने, तक्रार केल्यावर, किंवा त्या प्राधिकाऱ्याला ६० दिवसांची नोटीस देऊन आलेल्या व्यक्तीच्या तक्रारीवर. फसवला गेलेला विणकर किंवा शेतमजूर पोलिस ठाण्याची पायरी चढतो, तेव्हा स्वतःविरुद्धचा पुरावा त्याच्या कुशीवरच असतो.