लांडगीण किती दिवस दूध पाजते?

आटपाडी-जतच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या धनगराला लांडगा पुस्तकातून शिकावा लागत नाही. वाघर लावली, कुत्री सोडली, तरी डोळा चुकवून कोकरू जातंच. लांडगिणीनं माणसाचं पोर वाढवलं असं त्याला सांगा. तो आधी दुधाचं विचारेल. आणि बरोबरच विचारेल. लांडगीण पिल्लांना जेमतेम 8 ते 10 आठवडे पाजते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ओकलेलं मांस त्यांच्यापुढं येऊ लागतं. तेवढ्या अवधीत माणसाचं पोर फार तर मान धरतं.

तरी समाजशास्त्राच्या नोट्समध्ये अमला-कमला ठाण मांडून आहेत. 1920 साली मिदनापूरकडं लांडग्याच्या गुहेतून या दोन मुली आणल्या, असं जे. ए. एल. सिंग नावाच्या पाद्र्यानं सांगितलं. अमला 1921 मध्ये गेली, कमला 1929 मध्ये. मुख्य पुरावा सिंगांची रोजनिशी, आणि तिच्यावर पुढं अभ्यासकांनी गंभीर शंका घेतल्या. शिवाय, पोर रानात वाढलं म्हणून मुकं राहिलं, की मुकं म्हणूनच कुणी रानात टाकलं? अशा गोष्टींतून हे ठरवता येत नाही.

माणसांच्या सहवासाशिवाय पोराचं काय होतं, याचा खरा पुरावा चार भिंतींच्या आतला आहे. रुमानियातल्या बुखारेस्टच्या अनाथालयांत बाळांना दूध, कपडे, छप्पर होतं. पण सांभाळणाऱ्या बाया पाळीनुसार बदलत, आणि एकेकीच्या वाट्याला कितीतरी पाळणे येत. 2000 सालापासून संशोधकांनी अशी 136 मुलं निवडली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी पालक कुटुंबांत धाडली, निम्मी होती तिथंच राहिली. ऐकायला क्रूर वाटतं, पण तेव्हा तिथं पालक कुटुंबांची सोय जवळपास नव्हतीच. ती या अभ्यासानंच उभी केली. घरात गेलेली मुलं बुद्धिमापनात पुढं गेली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त.

भाषेचंही असंच. 1970 मध्ये लॉस एंजेलिसजवळ सापडलेली जिनी (हे टोपणनाव) 13 वर्षांची होती. दिवसभर तिला खुर्चीला बांधून ठेवत. आवाज केला की बाप मारायचा. पुढं ती पुष्कळ शब्द शिकली, पण व्याकरणाची घडी काही बसली नाही. ती जन्मतःच मंद होती का, हा वाद अजून आहे. उलट 1938 मध्ये ओहायोत सापडलेली इसाबेल (हेही टोपणनावच) साडेसहा वर्षांची होती, आणि तिलाही बोलता येत नव्हतं. दोनेक वर्षांत ती आपल्या वयाच्या मुलांच्या बरोबरीला आली. तीही अंधाऱ्या खोलीतच वाढली होती, पण एकटी नाही. मूकबधिर आई तिच्याजवळ होती, आणि मायलेकी खुणांनी बोलत.