हळद पोटात जाते, पण रक्तात किती उतरते?

हळदीच्या डागाला साबण लागला की तो एकदम लाल होतो. हळकुंडाला पिवळेपणा देणारं करक्युमिन अल्कलीत असा रंग पालटतं, आणि तिथे फार वेळ टिकतही नाही. आतड्यातही त्याची अवस्था फारशी बरी नसते. ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. थोडंफार शोषलं गेलंच, तर आतड्याचं अस्तर आणि यकृत त्याचं लगेच रूपांतर करून शरीराबाहेर टाकायची तयारी करतात. शिवाय वाळलेल्या हळदीत ते असतं जेमतेम 2 ते 5 टक्के. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात करक्युमिन पेशींचा दाह कमी करतं हे खरं, पण तेवढी मात्रा रक्तात पोचतच नाही. म्हणून ‘हळदीने कॅन्सर बरा होतो’ असे मेसेज पाहिले की मला काळजी वाटते. त्यापायी कुणी उपचार लांबवले तर?

मग आपली परंपरा चुकली का? मला तसं वाटत नाही. चरकसंहितेत हरिद्रा ‘कुष्ठघ्न’, म्हणजे त्वचारोगांवरच्या द्रव्यांत येते. जखमेवर हळद दाबतात, मुरगळलेल्या पायावर गरम लेप घालतात. या उपयोगांत औषध थेट दुखऱ्या जागी लागतं, रक्तातून तिथे पोचण्याचा प्रश्नच येत नाही. जखमेवरच्या याच वापराचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) जुन्या ग्रंथांचे आणि छापील लेखांचे पुरावे मांडले आणि 1997 मध्ये ते रद्द करायला लावलं.

हळदीसोबत मिरं घेतलं, तर गोष्ट वेगळी. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी 1998 मध्ये निरोगी माणसांना 2 ग्रॅम करक्युमिनसोबत मिऱ्यातलं पिपेरीन 20 मिलिग्रॅम दिलं, तेव्हा शोषण सुमारे वीसपट वाढलं. पिपेरीन यकृताच्या त्या रूपांतरालाच खीळ घालतं. पण इतर कित्येक औषधांचाही त्याच यंत्रणेतून निचरा होतो, त्यामुळे त्यांचीही रक्तातली पातळी वाढू शकते. करक्युमिन आणि पिपेरीन एकत्र असलेल्या कॅप्सूल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आमटीतल्या चिमूटभर हळदीला घाबरायचं कारण नाही. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा यकृताचा त्रास असेल, तर करक्युमिनच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.