डीजेच्या छोट्या कॉम्प्युटरला मोठं ग्राफिक्स कार्ड लागतंच का?

'डीजेसाठी कॉम्प्युटर जुळवताय? तगडं ग्राफिक्स कार्ड टाका, नाहीतर आवाज तुटतो,' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. स्क्रीनवर रंगीत वेव्हफॉर्म (आवाजाच्या लहरींचे आलेख) धावताना दिसतात, म्हणून तो पटतोही. पण गाणी मिसळणं, टेम्पो बदलणं, इफेक्ट देणं हे काम मुख्यतः प्रोसेसर करतो.

आवाज तुटतो तो वेळ चुकल्यामुळे. कॉम्प्युटर आवाज छोट्या तुकड्यांत, म्हणजे बफरमध्ये, आधी तयार करून ठेवतो. सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने (सॅम्पल) धरले, तर 256 सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम 5.8 मिलिसेकंद. तेवढ्यात आवाजाचा पुढचा तुकडा तयार नसेल, तर 'कट्ट' असं ऐकू येतं. प्रोसेसर बराचसा मोकळा असतानाही हे होऊ शकतं, कारण वायफायचा किंवा खुद्द ग्राफिक्सचाच ड्रायव्हर (ते हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) मध्येच वेळ खातो.

पडताळून पाहा. दोन्ही डेक (सॉफ्टवेअरमधले गाणी वाजवणारे प्लेअर) चालू ठेवून टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सवरचा भार बघा. मग वायफाय बंद करा, बफर 512 करा, पुन्हा ऐका. खरखर थांबली, तर दुखणं कार्डाच्या ताकदीचं नव्हतं.

व्हिडिओ मिक्सिंग करणार असाल, तर कार्डाचा खरंच फायदा होतो. एरवी मिनी-आयटीएक्ससारख्या छोट्या केसमध्ये ते जागा अडवतं, उष्णता वाढवतं. अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या ऑडिओ इंटरफेसवर (बाहेरून जोडायच्या साउंड कार्डवर) लावा.