चेन बदलली की पुढची रिंगही बदलायची?

मुंबईत सायकलवाल्यांच्या तोंडी एक सल्ला कायम असतो: नवी चेन टाकलीत, तर पुढची चेनरिंगही, म्हणजे पेडलजवळचं दातेरी चक्रही, बदला. हे खरं नाही, आणि त्यापायी चांगल्या रिंगा भंगारात जातात.

हिशेब साधा आहे. पुढे ४२ दाते आणि मागे १४ असतील, तर पेडलच्या एका फेरीत मागचा प्रत्येक दाता चेनला तीनदा भिडतो, पुढचा एकदाच. शिवाय पुढे एका वेळी वीसेक दाते भार वाटून घेतात. म्हणून आधी झिजते चेन, मग मागची चक्रं, आणि रिंग बहुधा सर्वांत शेवटी. पावसाळ्यात रस्त्यावरची चिखलरेती चेनमध्ये शिरते तेव्हा झीज वाढते, पण क्रम सहसा हाच राहतो.

आखूड, तिरके दाते पाहून घाबरू नका. गिअर बदलताना चेन सहज सरकावी म्हणून बऱ्याच रिंगांवर काही दाते मुद्दाम तसेच घडवलेले असतात. खरी झीज म्हणजे सगळेच दाते एका बाजूला आकड्यासारखे वाकणं, किंवा पेडर रोडच्या चढावर जोर लावताच नवी चेन पुढच्या दात्यांवरून उसळणं. ती मागे उसळत असेल, तर दोष मागच्या चक्रांचा.

चेन मात्र वेळेवर बदला. चेनचा १२ इंचांचा भाग १/१६ इंच वाढला की तिचं आयुष्य संपत आलं.

रिंग घ्यायचीच असेल, तर ती ज्या बोल्टांनी क्रँकला (पेडलच्या दांड्याला) बसते, त्यांच्या वर्तुळाचा व्यास आधी मोजा: १३० मिमीच्या क्रँकवर ११० ची रिंग बसत नाही.